जेनी एर्पेनबेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेनी एर्पेनबेक कोण? एकदम इतकं नाव कसं झालं?

आज जर्मनमध्ये लिहिणाऱ्या कादंबरीकारांपैकी जगभर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. जन्म १२ मार्च १९६७, पूर्व बर्लिन. २०२४ साली 'कैरोस' या कादंबरीसाठी त्यांना आणि इंग्रजी अनुवादक मायकेल हॉफमन यांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, तेव्हापासून आपल्याकडच्या वाचकांत त्यांची चर्चा वाढली. गीतांजली श्री (२०२२) आणि बानू मुश्ताक (२०२५) यांच्यामुळे हा पुरस्कार आपल्याला परिचयाचा आहेच. त्याची ५० हजार पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. तो मिळवणाऱ्या एर्पेनबेक पहिल्याच जर्मन लेखिका.

'एकदम' मात्र नाही. पहिलं पुस्तक १९९९ मध्ये आलं आणि त्याआधीची काही वर्षं ऑपेराच्या दिग्दर्शनात गेली. ज्या देशात त्या जन्मल्या, शिकल्या, पहिली नोकरी केली, तो जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे पूर्व जर्मनी, नावाचा देश दोन्ही जर्मनींच्या एकीकरणात ३ ऑक्टोबर १९९० रोजी नकाशावरून गेला. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. देश, घर, प्रेम, माणूस यांपैकी काहीतरी नाहीसं होतं आणि मागे राहिलेल्यांना पुढचा दिवस काढायचा असतो, ही गोष्ट त्या तेव्हापासून वेगवेगळ्या अंगांनी सांगत आल्या आहेत. माझ्या मते इतक्या चिकाटीने आणि इतक्या कमी शब्दांत ती सांगणारं आज दुसरं कुणी नाही.

लेखकांच्या घराण्यातल्या आहेत म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. आजोबा फ्रिट्झ एर्पेनबेक आणि आजी हेडा झिनर, दोघंही लेखक आणि दोघंही कम्युनिस्ट. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि अखेर मॉस्को गाठलं. वडील जॉन यांचा जन्म १९४२ सालचा, ऐन युद्धातला, तोही सोव्हिएत संघातल्या उफा शहरात. १९४५ मध्ये, पुढे पूर्व जर्मनीचे नेते झालेल्या वाल्टर उल्ब्रिख्ट यांच्यासोबत मॉस्कोहून बर्लिनला जो कम्युनिस्टांचा पहिला गट पाठवला गेला, त्यात फ्रिट्झ एर्पेनबेक होते. पुढे पूर्व जर्मनीत नाट्यसमीक्षक म्हणून त्यांचा दबदबा होता. नाटककार ब्रेख्टच्या 'मदर करेज' या नाटकाच्या १९४९ च्या बर्लिनमधल्या प्रयोगावर त्यांनी कडक टीका केली होती. त्यांची नात मात्र नाटककार हायनर म्युलर आणि ऑपेरा दिग्दर्शिका रूथ बेर्गहाउस या ब्रेख्टच्याच वाटेने गेलेल्या मंडळींकडे शिकली.

वडील जॉन एर्पेनबेक भौतिकशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि लेखकही. आई डोरिस किलियस अरबीतून जर्मनमध्ये अनुवाद करायच्या. नोबेलविजेते इजिप्शियन कादंबरीकार नगीब महफूज यांची पुस्तकं त्यांनी जर्मनमध्ये आणली.

या घराण्यामुळे काही जण त्यांना 'जुन्या राजवटीच्या घरातली' म्हणून बाजूला सारतात. हे फार उथळ वाचन आहे. ज्या घराने एका व्यवस्थेवर आयुष्य उधळलं आणि मग ती व्यवस्था कोसळताना पाहिली, त्या घरात आशा आणि भ्रमनिरास दोन्ही जेवणाच्या टेबलावर असतात. एर्पेनबेकच्या कादंबऱ्यांत ते दोन्ही आहे.

बर्लिनच्या भिंतीजवळचं बालपण कसं होतं?

लहानपणीचा काही काळ लाइपझिगर श्ट्रासं या रस्त्यावरच्या उंच इमारतींत गेला. भिंत तिथून जवळ. आसपासचे रस्ते भिंतीशी जाऊन थांबायचे, त्यामुळे रहदारी जवळपास नाहीच. मुलांना चाकांचे बूट घालून रस्त्यावर मनसोक्त घसरता यायचं. वेळ बघायची तर भिंतीपलीकडच्या, पश्चिम बर्लिनमधल्या इमारतीवरचं घड्याळ दिसायचं. जगाला शीतयुद्धाची सीमा वाटणारी जागा एका पोरीला खेळायला शांत गल्ली वाटत होती. हे त्यांनी आपल्या निबंधांत लिहिलं आहे, आणि भिंतीवर लिहिलेल्या ढीगभर पुस्तकांपेक्षा मला ते जास्त खरं वाटतं.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंत उघडली तेव्हा त्या झोपलेल्या होत्या. त्यानंतर वर्षभरात पैसा बदलला, दुकानं बदलली, अभ्यासक्रम बदलले. स्वातंत्र्य फुकट मिळालं नाही, त्याची किंमत म्हणजे तोवरचं माझं सगळं आयुष्य, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे.

लेखिका होण्याआधी त्या काय करत होत्या?

१९८५ मध्ये शाळा संपली, मग दोन वर्षं पुस्तकबांधणीची उमेदवारी. त्यानंतर नाट्यगृहांत रंगमंचावरचं सामान आणि वेशभूषा सांभाळण्याची कामं. १९८८ ते १९९० हुम्बोल्ट विद्यापीठात नाट्यशास्त्र, मग बर्लिनच्याच हान्स आइस्लर संगीत महाविद्यालयात संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचं शिक्षण. १९९४ मध्ये बार्टोकच्या 'ब्लूबिअर्ड्‌स कासल' या ऑपेराचा प्रयोग बसवून ते पूर्ण झालं. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ऑपेरागृहात सहायक दिग्दर्शक, १९९७ पासून स्वतःची दिग्दर्शनं. माँटेव्हर्डी, हँडल, मोत्झार्ट या संगीतकारांचे ऑपेरा असं बरंच काही.

कादंबऱ्या वाचताना हे सगळं उपयोगी पडतं. त्यांची वाक्यं परत येतात, थोडी बदलून परत येतात. बंदिशीचा मुखडा प्रत्येक आवर्तनानंतर यावा आणि दर वेळी वेगळा ऐकू यावा, तसं. वस्तूंवर तर त्यांची नजर रंगमंचाचं सामान सांभाळणाऱ्या माणसाची आहे. कुठली वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, हे त्या कधी विसरत नाहीत.

पहिलं पुस्तक कुठलं?

'गेशिष्टं फोम आल्टन किंट', म्हणजे म्हाताऱ्या मुलीची गोष्ट, १९९९. रात्री रस्त्यावर रिकामी बादली हातात धरून उभी असलेली एक मुलगी पोलिसांना सापडते. वय सांगते १४, बाकी काही आठवत नाही म्हणते. तिला अनाथाश्रमात ठेवतात. तिथे तिला वर्गात सगळ्यात खालच्या पायरीवर राहायचं असतं, कारण ती जागा कुणी हिसकावून घेत नाही. पुस्तक छोटं आहे आणि अंगावर येतं. ते लिहिण्याआधी एर्पेनबेक स्वतः, विशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर, शाळकरी मुलगी म्हणून काही काळ एका शाळेत जाऊन बसल्या होत्या.

त्यानंतर 'टांड' हा कथासंग्रह (२००१) आणि 'व्योर्टरबूख' ही लघुकादंबरी (२००५). दुसरी एका हुकूमशाही देशात वाढणाऱ्या मुलीची. आपले वडील कामावर जाऊन नेमकं काय करतात, हे तिला हळूहळू उमगत जातं.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करावी?

'हाइमझूखुंग' (२००८). इंग्रजीत 'व्हिजिटेशन' या नावाने मिळते. बुकरचं लेबल बघून बहुतेक जण 'कैरोस' उचलतात. माझा आग्रह आधी हीच वाचण्याचा आहे.

बर्लिनच्या आग्नेयेला ब्रांडेनबुर्गमधल्या एका तळ्याकाठचं घर हीच इथली नायिका. कादंबरी सुरू होते हिमयुगात, तळं कोरणाऱ्या बर्फापासून. मग विसावं शतक या घरातून चालत जातं : गावचा पाटील म्हणावा असा जमीनदार आणि त्याच्या चार मुली, बर्लिनचा वास्तुविशारद, शेजारचं ज्यू कुटुंब, १९४५ मध्ये आलेला रशियन अधिकारी, मॉस्कोच्या वनवासातून परतलेली लेखिका, आणि शेवटी भिंत पडल्यावर घरावर हक्क सांगणारे जुन्या मालकांचे वारस. मधल्या प्रत्येक प्रकरणानंतर एक माळी येतो. तो बोलत नाही. खड्डे खणतो, पाणी घालतो, फांद्या छाटतो. मालक बदलतात, माळी तोच.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे एर्पेनबेक कसं लिहितात ते कळेल. ज्यू शेजारी कापडाचे कारखानदार. देश सोडण्यासाठी त्यांना आपली जागा विकावी लागते आणि वास्तुविशारद ती बाजारभावाच्या निम्म्याने घेतो. त्यात तळ्याकाठची न्हाणीची झोपडीही आली. तिथे त्या कुटुंबाचे टॉवेल अजून खुंटीला लटकलेले आहेत. बायकोला ते धुवायचं सुचण्याआधीच हा माणूस पोहून येतो आणि त्यातल्याच एका टॉवेलने अंग पुसतो. कापड चांगलं आहे, हेही त्याच्या मनात येऊन जातं. आपण काही वाईट केलं असं त्याला वाटत नाही. निम्मी किंमत दिली, म्हणजे मदतच केली. लेखिका त्यावर एक शब्द बोलत नाही. पुढे त्या कुटुंबातल्या डोरिस या मुलीचं प्रकरण येतं. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्साच्या घेट्टोत, एका अंधाऱ्या कोनाड्यात ती लपून बसली आहे आणि तिला ते तळं, ती झाडं आठवत आहेत. हे प्रकरण वाचून झाल्यावर टॉवेलचं पान पुन्हा उघडून बघावंसं वाटतं.

घर कल्पनेतलं नाही. एर्पेनबेकच्या आजी-आजोबांचं तसं घर होतं, लहानपणीच्या सुट्ट्या तिथेच गेल्या आणि एकीकरणानंतर ते कुटुंबाच्या हातून गेलं. डोरिसच्या मागेही खरी मुलगी आहे. पुस्तक तिलाच अर्पण केलं आहे.

एकच बाई पाच वेळा मरते, ती कादंबरी कुठली?

'आलर टागं आबेंट' (२०१२), इंग्रजीत 'दि एंड ऑफ डेज'. सुसान बर्नोफस्की यांच्या अनुवादाला २०१५ मध्ये ब्रिटनचा 'इंडिपेंडंट फॉरेन फिक्शन' पुरस्कार मिळाला.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, हाब्सबुर्ग साम्राज्यातल्या गालिसियाच्या ब्रॉडी गावात एक तान्ही मुलगी पाळण्यात दगावते. आई ज्यू, बाप रेल्वेतला कारकून. मुलीबरोबर त्यांचा संसारही मोडतो, बाप अमेरिकेची बोट धरतो. मग लेखिका थांबते आणि विचारते : त्या रात्री आईने खिडकी उघडून बाहेरचं मूठभर बर्फ बाळाच्या झबल्यात घातलं असतं तर? त्या गारठ्याने श्वास परत सुरू झाला असता. आणि मुलगी जगते. पुढचा मृत्यू पहिल्या महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नात, त्यानंतरचा स्टालिनच्या छळछावणीत, मग पूर्व जर्मनीत सन्मानित लेखिका असताना जिन्यावरून पडून. प्रत्येक वेळी एक छोटा 'जर' तिला परत आणतो, आणि शेवटचा मृत्यू नव्वदी पार केल्यावर, एकत्र झालेल्या जर्मनीतल्या वृद्धाश्रमात.

ही नुसती रचनेची करामत असती तर दोन मृत्यूंनंतर कंटाळा आला असता. तसं होत नाही, कारण इतिहास आणि योगायोग यांचं वजन लेखिका फार बारकाईने तोलते. स्टालिनच्या काळातलं प्रकरण बघा. माणूस जगणार की मरणार, हे कुठल्या टेबलावरची फाइल कुठल्या गठ्ठ्यात ठेवली यावर ठरतं. आणि कुटुंबाची, जर्मन महाकवी गटेची ग्रंथावली बघा. पिढ्यान्‌पिढ्या, देशोदेशी सांभाळून नेलेले ते खंड अखेर व्हिएन्नात जुन्या वस्तूंच्या दुकानात पडलेले असतात. त्या बाईचा मुलगा समोर उभा राहतो आणि ते आपल्याच घरचे हे त्याला ठाऊक नसतं.

निर्वासितांवरची कादंबरी बातम्या बघून लिहिली का?

बातम्यांच्या आधी. 'गेहेन, गिंग, गेगांगन' (इंग्रजीत 'गो, वेंट, गॉन') २०१५ च्या उन्हाळ्याअखेर प्रसिद्ध झाली, नेमकी जर्मनीत लाखो निर्वासित येत होते तेव्हा. त्यामुळे ती घाईने लिहिल्यासारखी वाटली. प्रत्यक्षात तिचं मूळ बर्लिनच्या ओरानियनप्लाट्झ चौकातल्या २०१२ ते २०१४ मधल्या तंबूंत आहे. आफ्रिकेतून इटलीमार्गे आलेले अनेक तरुण तिथे राहत होते. युरोपच्या नियमानुसार ज्या देशात पहिलं पाऊल पडलं तिथेच आश्रय मागायचा. इटलीत काम नाही, जर्मनीत कामाला परवानगी नाही. एर्पेनबेक या तरुणांना भेटत राहिल्या, त्यांच्याशी बोलत राहिल्या.

कादंबरीत रिचर्ड हा निवृत्त प्राध्यापक आहे, ग्रीक-लॅटिनचा अभ्यासक, विधुर, पूर्व बर्लिनचा. वेळ हाताशी भरपूर आणि ती कशी घालवायची हा प्रश्न. आलेक्झांडरप्लाट्झवर काळे तरुण उपोषणाला बसलेले असतात, तो शेजारून जातो आणि त्याला ते दिसतच नाहीत; संध्याकाळी टीव्हीवर दिसतात. मग तो अभ्यासकाच्या सवयीने प्रश्नांची यादी करून त्यांच्याकडे जातो. गोरा प्राध्यापक मध्ये कशाला, अशी टीका झाली. मला वाटतं तो मध्ये असणंच योग्य आहे. रिचर्डचाही देश एका रात्रीत बदलला होता, त्यालाही आपल्याच शहरात नवे नियम शिकावे लागले होते, तरीही समोरच्याचं दुःख समजायला त्याला फार वेळ लागतो. पुस्तक २०१५ च्या जर्मन पुस्तक पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. इटलीचा युरोपीय स्ट्रेगा पुरस्कार त्याला २०१७ मध्ये मिळाला.

'कैरोस' नेमकी कशाबद्दल आहे?

जुलै १९८६, पूर्व बर्लिन. १९ वर्षांची काथारिना आणि पन्नाशी ओलांडलेला, बायको-मुलगा असलेला लेखक हान्स एका बसमध्ये समोरासमोर येतात. कैरोस हा ग्रीकांचा योग्य क्षणाचा देव; कपाळावरची बट तेवढी धरता येते, क्षण निसटला की मागे टक्कल. हा क्षण धरून दोघांनी काय केलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवातीला पियानो, मोत्झार्ट, कॅफे, चिठ्ठ्या. सुंदर वाटतं, आणि तिथेच वाचक अडकतो. काथारिना कामानिमित्त फ्रांकफुर्ट आन डेअर ओडर या गावी जाते. तिथल्या एका सहकाऱ्याशी तिची जवळीक झाल्याचं हान्सला कळतं आणि शिक्षा सुरू होते. तो ध्वनिफिती भरून तिला देतो. त्यात फक्त आरोप : तू अशी, तू तशी. तिने त्या एकटीने ऐकायच्या, मुद्दे लिहून घ्यायचे, उत्तरं द्यायची. मग पुढची फीत. ही पानं वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. ज्यांनी घरात असा माणूस पाहिला आहे त्यांनी तयारीने वाचावं.

या नात्याभोवती एक देश विरत चालला आहे. हान्स लहानपणी नाझी जर्मनीत वाढलेला, त्यामुळे समाजवादी देशावर त्याने निष्ठा मुद्दाम, कष्टाने बसवली आहे. ती निष्ठा आणि त्याचं क्रौर्य एकमेकांत कसं मिसळतं, हे पाहण्यासारखं आहे. तरी हान्स म्हणजे राजवट, काथारिना म्हणजे जनता, असं सरळ समीकरण मांडू नका. त्याने पुस्तक छोटं होतं. शेवट इथे सांगत नाही. तो आधी कळू नये म्हणून परीक्षणं नंतरच वाचा.

मग ही आत्मकथा आहे का?

काथारिना लेखिकेच्याच वयाची, त्याच शहरातली, नाट्यगृहाशी जोडलेली. आपल्या अनुभवाचा काही भाग यात आहे, हे एर्पेनबेक यांनी नाकारलेलं नाही. याहून जास्त शोधाशोध करण्यात मला रस वाटत नाही.

जर्मनीतही त्यांना इतकाच मान आहे का?

पुरस्कार पुष्कळ आहेत : २०१६ चा थॉमस मान पुरस्कार, 'कैरोस'साठी २०२२ चा ऊवं योन्सोन पुरस्कार, जर्मन सरकारचा ऑर्डर ऑफ मेरिटही. पण इंग्रजी जगात त्यांचा जो गाजावाजा आहे तो घरी उशिरा पोहोचला. जे पुस्तक लंडनमध्ये बुकर घेऊन गेलं, ते २०२१ मध्ये जर्मन पुस्तक पुरस्काराच्या पहिल्या, मोठ्या यादीतसुद्धा (लाँगलिस्ट) नव्हतं. एकीकरणाला तीसहून अधिक वर्षं झाली तरी पूर्वेकडच्या आयुष्यांकडे बघताना भिंत आणि गुप्तचर यांच्यापलीकडे नजर जायला जर्मनीत अजून वेळ लागतो, असं मला दिसतं. तिथे लोक प्रेमातही पडत होते, स्वयंपाक करत होते, चांगली नाटकं बघत होते. एर्पेनबेक हे लिहितात तेव्हा त्यांच्यावर जुन्या दिवसांचे कढ काढण्याचा आरोप होतो. 'कैरोस' शेवटपर्यंत वाचलेला माणूस तो आरोप करणार नाही.

नोबेल मिळेल का?

'न्यू यॉर्कर'चे समीक्षक जेम्स वुड यांनी २०१७ मध्येच तसं भाकीत केलं होतं. मिळालं तर मला फार आनंद होईल.

पुस्तकं कुठल्या अनुवादात वाचावीत?

'गेहेन, गिंग, गेगांगन'पर्यंतच्या कथा-कादंबऱ्या इंग्रजीत सुसान बर्नोफस्की यांनी आणल्या, 'कैरोस' मायकेल हॉफमन यांनी, निबंध कर्ट बील्स यांनी. बर्नोफस्की मूळ वाक्यांची लय जपतात, पुनरावृत्ती कापत नाहीत. हॉफमन यांचं इंग्रजी जास्त धारदार. दोन्ही उत्तम.

निबंधांचं 'काइन रोमान' हे पुस्तक कादंबऱ्यांनंतर वाचावं. आईच्या मृत्यूनंतर तिचं घर आवरणं, हिशेब मिटवणं यावरचा त्यातला मजकूर कोरडा आहे, नोंदवहीसारखा, आणि म्हणूनच आतपर्यंत जातो.

जर्मन शिकतोय. मूळ पुस्तक जमेल का?

पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणारे हे नेहमी विचारतात. बी-दोनची, म्हणजे मध्यम-वरची पातळी पार केली असेल तर 'डिंगं, डी फेर्श्विंडन' हे २००९ चं छोटं पुस्तक घ्या. ही 'फ्रांकफुर्टर आल्गेमायनं' या दैनिकातली सदरं आहेत, प्रत्येक एक-दोन पानांचं. विषय नाहीशा होणाऱ्या गोष्टी. पूर्व बर्लिनच्या पाडून टाकलेल्या 'पालास्ट डेअर रेपुब्लिक' या संसदभवनापासून अगदी घरगुती वस्तूंपर्यंत. वाक्यं सरळ आहेत, एका बैठकीत एक सदर होतं. 'हाइमझूखुंग' मात्र मूळ भाषेत लगेच धरू नका. त्यात लांबलचक वाक्यं आहेत, झाडांची, अवजारांची आणि बागकामांची नावं पानोपानी आहेत. आधी अनुवाद वाचून मग माळ्याची प्रकरणं तेवढी जर्मनमधून काढली, तर हळूहळू उरलेलंही हाती लागतं.